व्हिटॅमिन डी कमी असलं की पॅरालिसिस होतो का? तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात अर्धांगवायूवर लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांत व्हिटॅमिन डीचाच विषय होता. कुणाचा रिपोर्ट ९ आलाय (हे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, २० च्या खाली म्हणजे कमी), कुणाचा १४, कुणाला नातेवाईकांनी सांगितलंय की एवढं कमी म्हणजे पॅरालिसिस ठरलेलाच, तर कुणी घाबरून रोज डीची ६०,००० युनिटची एक पुडी दुधात घालून घ्यायला लागलंय. म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच विषयाला देतोय. साताऱ्याचं पत्र सगळ्यात आधी घेतो कारण ते थांबण्यातलं नाही. त्या ताईंशी फोनवर बोलणं झालंय, पण असं उद्या कुणाच्याही घरी होऊ शकतं म्हणून इथे सविस्तर लिहितो.

प्रश्न (सातारा): डॉक्टर, माझी आई ६३ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात सकाळी चहा करताना तिच्या उजव्या हातातली सांडशी गळून पडली, काय झालं विचारलं तर तिला बोलताच येईना, शब्द नुसते अडखळत होते. दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सगळं ठीक झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या डी आणि बी१२ कमी असेल, म्हणून दोन्ही तपासलं तर डी ११ आलंय. पुड्या सुरू केल्यात. अजून काही करायला हवं का?

उत्तर: हो ताई, आणि आजच करायला हवं. एका बाजूचा हात अचानक लुळा पडणं आणि त्याच वेळी बोलणं अडखळणं, हे डी कमी असल्याने होत नाही. डी फार कमी झालं की हाडं दुखतात, मांड्या आणि कंबरेचे स्नायू दुबळे होतात, खाली बसलेल्या माणसाला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, आणि हे सगळं दोन्ही पायांत, महिनोन्महिने हळूहळू वाढत जातं. कॅल्शियम अगदीच खाली गेलं तर ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येतात. बी१२ कमी असेल तर दोन्ही तळपाय बधिर होतात, चालताना तोल जातो. यातलं काहीच असं एका सकाळी एकाच हातात येऊन पंधरा मिनिटांत निघून जात नाही.

आईला जे झालं त्याला आम्ही टीआयए म्हणतो, लोक मिनी स्ट्रोक म्हणतात (स्ट्रोक म्हणजे पॅरालिसिसचा झटका). मेंदूच्या डाव्या भागाला रक्त देणाऱ्या नळीत गुठळी अडकली आणि थोड्या वेळात विरघळली किंवा पुढे सरकली, म्हणून हात आणि बोलणं परत आलं. पण ती गुठळी आली कुठून हा प्रश्न तसाच उरतो ना. जुन्या अभ्यासांत असं दिसलंय की उपचार नीट झाले नाहीत तर अशा दहातल्या साधारण एका माणसाला पुढच्या तीन महिन्यांत मोठा स्ट्रोक येतो आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच येतात. उलट ऑक्सफर्डमध्ये २००७ साली छापून आलेल्या एक्सप्रेस नावाच्या अभ्यासात, अशा पेशंटना ताबडतोब तपासून लगेच औषधं सुरू केल्यावर हाच धोका १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. त्यात काही नवीन औषध नव्हतं, गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, सगळं जुनंच, फक्त वेळेत दिलं. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो कारण आपल्याकडेही हे सगळं मिळतं, कमी पडते ती घाई.

तर आईला मेंदूचा स्कॅन, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर, ईसीजी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल एवढं लागेल. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, आधी स्कॅन होऊ दे, मेंदूत रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. आणि परत तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं बिघडलं तर बरं होतंय का म्हणून वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि आई शेवटची ठीक कधी दिसली होती ती वेळ कागदावर लिहून ठेवायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आम्ही नातेवाईकांना सगळ्यात आधी तीच वेळ विचारतो.

डीच्या पुड्या आठवड्याला एक चालू राहू दे, काही बिघडत नाही. पण त्या सुरू केल्या म्हणजे या दुखण्यावर उपचार सुरू झाले असं समजू नका.

प्रश्न (जळगाव): नमस्कार सर, माझ्या सासऱ्यांना ७१ व्या वर्षी डाव्या अंगाचा पॅरालिसिस झाला, आयसीयूत असताना रिपोर्ट काढले त्यात व्हिटॅमिन डी ८ निघालं. मग घरातल्या सगळ्यांचं तपासलं, मिस्टरांचं १३, माझं १०, मुलीचं ९. मिस्टर खूप घाबरलेत, म्हणतात आता आपला पण नंबर. नेटवर सगळीकडे लिहिलंय की डी कमी असलेल्यांना स्ट्रोक जास्त होतो. खरंय का?

उत्तर: ताई, वाचलंत ते खरंय, पण मिस्टरांनी काढलेला अर्थ बरोबर नाही. जरा सविस्तर सांगतो कारण या विषयातला सगळा घोळ नेमका इथेच आहे.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे. तिथल्या १,७३९ लोकांवरचा एक अहवाल २००८ मध्ये आला, ज्यांचं डी १५ च्या खाली त्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक असे आजार जास्त झालेले दिसले. २०१३ मध्ये कोपनहेगनमधून दहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यातही डी जितकं कमी तितका गुठळीचा स्ट्रोक जास्त. त्याच्या आधी उंदरांवर प्रयोग झाले होते, डीचं काम बंद पाडलं की बीपी वाढवणारं रेनिन हे रसायन वाढतं असं त्यात दिसलं. आता एवढं सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय म्हटल्यावर कुणालाही वाटणारच की डी भरून काढलं की स्ट्रोक टळेल. आम्हा डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं.

पण डी कमी कुणाचं असतं ते बघा. जो घराबाहेर पडत नाही त्याचं, ज्याचं वजन जास्त आहे त्याचं (डी चरबीत साठून राहतं, रक्तात कमी दिसतं), ज्याची किडनी बिघडलीये त्याचं, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतच बसून असतो त्याचं, वय झालेल्याचं. आणि स्ट्रोक जास्त कुणाला येतो? याच लोकांना. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसतात, पण एकीमुळे दुसरी होते असं त्यातून सिद्ध होत नाही. पांढरे केस असलेल्यांना स्ट्रोक जास्त येतो, म्हणून केस काळे केल्याने तो टळत नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे. त्यांचं डी मोजलं ते स्ट्रोक आल्यानंतर, आयसीयूत. मोठ्या आजारपणात शरीरात सूज वाढते तेव्हा रक्तातली डीची लेव्हल तशीही खाली येते. त्यामुळे तो ८ चा आकडा आजाराआधी किती होता हे त्या रिपोर्टवरून सांगताच येत नाही.

मग खरं काय ते कळणार कसं? त्याला एकच रस्ता, हजारो लोक घ्यायचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एका गटाला खरी डीची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं. हे झालंय, मोठ्या प्रमाणावर झालंय. बॉस्टनच्या डॉ. जोअ‍ॅन मॅन्सन यांनी चालवलेला व्हायटल नावाचा अभ्यास, २५,८७१ लोक, रोज २,००० युनिट डी, साधारण ५ वर्षं. २०१८ च्या शेवटी निकाल आला. डी घेणाऱ्या गटात १४१ स्ट्रोक, न घेणाऱ्या गटात १४९. दोन्ही गटांत जवळजवळ तेरा-तेरा हजार माणसं होती, तेव्हा हा फरक म्हणजे काहीच नाही. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांना महिन्याला एक लाख युनिट दिलं, फरक नाही. ऑस्ट्रेलियात ६० वर्षांच्या पुढच्या २१ हजारांवर लोकांना महिन्यातून एकदा ६०,००० युनिट दिलं, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी पुडीच म्हणा ना. तिथे हार्ट अटॅक थोडे कमी दिसले, पण स्ट्रोक दोन्ही गटांत सारखेच. २०१९ मध्ये असे २१ अभ्यास, ८३ हजारांवर माणसं, सगळं एकत्र मांडून पाहिलं, तेव्हाही स्ट्रोक कमी झाले नव्हते.

त्यामुळे तुमच्या घरातल्या तिघांच्या रिपोर्टवरून पॅरालिसिसचा अंदाज बांधू नका. आपल्याकडे शहरात तपासायला गेलं तर निम्म्याहून जास्त लोकांचं डी २० च्या खाली निघतं. शेजारच्या घरात तपासा, तिथेही असंच निघेल. हाडांसाठी म्हणून तुम्ही तिघं डॉक्टरांच्या सल्ल्याने ८ आठवडे पुडी घ्या, नंतर महिन्याला एक किंवा रोजची छोटी गोळी, विषय संपला.

मिस्टरांना मी वेगळीच गोष्ट विचारेन, त्यांनी बीपी शेवटचं कधी मोजलं? वडिलांना स्ट्रोक आलाय म्हटल्यावर मुलात उतरण्याची शक्यता आहे ती बीपीची, शुगरची. ३२ देशांत, भारत धरून, इंटरस्ट्रोक नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात स्ट्रोकमागे सगळ्यात मोठा वाटा बीपीचा निघाला, जवळपास निम्मा. त्याशिवाय कोलेस्टेरॉल, तंबाखू, शुगर, पोटाचा घेर, बसून राहणं, खाणं, दारू, ताण, हृदयाचे आजार. आणि बीपीबद्दल चांगली बातमी अशी की वरचा आकडा औषधाने १० ने जरी खाली आला तरी स्ट्रोकचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो, आणि हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासांतूनच सिद्ध झालंय. डीच्या टेस्टला हजाराच्या घरात पैसे जातात, त्यात थोडी भर घातली की घरात दंडावरचं बीपीचं मशीन येतं. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून मोजायचं, चहा-तंबाखू घेतल्यावर अर्धा तास नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आठवडाभर, वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. ती वही मला मिस्टरांच्या डीच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त सांगेल.

प्रश्न (ठाणे): सर, डीने स्ट्रोक टळत नाही असं दाखवणारे मोठे अभ्यास एका व्हिडिओत खोडून काढलेत. व्हिडिओवाले म्हणतात अमेरिकेतल्या लोकांचं डी आधीच चांगलं होतं, मग फायदा दिसणार कसा? आमच्यासारखं ८-१० असलेल्यांना दिलं असतं तर दिसला असता.

उत्तर: हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. व्हायटलमध्ये सुरुवातीची सरासरी लेव्हल ३० च्या आसपास होती, २० च्या खाली असलेले साधारण आठात एक. न्यूझीलंडमध्ये मात्र पाव लोक २० च्या खाली होते, आणि त्यांचं वेगळं गणित केलं तरी फायदा दिसला नाही. व्हायटलमध्ये पाच हजारांवर कृष्णवर्णीय माणसं मुद्दाम घेतली होती, कारण गडद त्वचेमुळे त्यांचं डी कमी असतं, त्यांच्यातही नाही. ८-१० लेव्हल असलेल्या हजारो लोकांना पाच वर्षं नुसती खोटी गोळी द्यायची, हे नैतिकदृष्ट्या कुणाला करता येणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली, काही लोकांचं डी जन्मापासूनच, जनुकांमुळे, इतरांपेक्षा थोडं कमी असतं, अशांना आयुष्यभरात स्ट्रोक जास्त येतात का हे पाहिलं. अशा बहुतेक अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

आणि वैद्यकशास्त्रात हे पहिल्यांदा होत नाहीये. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर हृदयाचं संरक्षण होतं असं वर्षानुवर्षं वरवरच्या निरीक्षणांतून दिसत होतं, लाखो बायकांनी घेतल्या. २००२ मध्ये अमेरिकेत १६,६०८ बायकांवर नीट अभ्यास झाला तेव्हा त्या गोळ्यांनी स्ट्रोक उलट वाढलेला निघाला. आधीच्या अभ्यासांत गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच शिकलेल्या, पैसेवाल्या, व्यायाम करणाऱ्या होत्या, फायदा त्याचा होता. म्हणून मी निरीक्षणाच्या अभ्यासावर कुणाला औषध लिहून देताना दहा वेळा विचार करतो.

खरंच ८-१० असेल तर डी जरूर घ्या. हाडांसाठी, स्नायूंसाठी घ्या. मी डीच्या विरोधात नाही. मला काळजी आहे ती डी सुरू झालं म्हणून बीपीची गोळी बंद करणाऱ्यांची, आणि असे पेशंट मी पाहतो.

प्रश्न (अकोला): आईला डॉक्टरांनी पुड्या दिल्या होत्या आठवड्यातून एक, तिने समजुतीच्या घोटाळ्यात रोज घेतल्या, जवळजवळ महिनाभर. आता तिला भूक नाही, मळमळतं, सारखी तहान लागते. वय ६८, बीपीची गोळी चालू आहे. पॅरालिसिस होऊ नये म्हणूनच घेत होती बिचारी. काही धोका आहे का?

उत्तर: दादा, पुड्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आजपासून बंद करा आणि हे वाचताक्षणी आईला दवाखान्यात न्या. महिनाभर रोज ६०,००० म्हणजे १८ लाख युनिट झाले. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० ते ८०० युनिट असते. डी पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं आणि आठवडे-महिने शरीरात राहतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठता, तहान, वारंवार लघवी, पुढे गुंगी, बडबड, आणि किडनीला इजा. आईची लक्षणं त्याच्याशी जुळतात. कॅल्शियम, क्रिएटिनिन, डी, ईसीजी हे आजच होऊ दे. बीपीच्या गोळीचं पाकीट सोबत न्या, त्यात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कारण ती औषधं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम रोखून धरतात. ती गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका. लवकर लक्षात आलं तर सलाइन आणि औषधांनी यातून बहुतेक पेशंट बरे होतात.

इतर वाचकांनीही ऐका, एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा असं अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातच ७० च्या पुढच्या २,२५६ बायकांवर एक अभ्यास झाला, वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस. २०१० मध्ये निकाल आला तर डी घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. आपल्याकडे सहा लाखांचं इंजेक्शन अजूनही सर्रास मागितलं जातं, ते मागू नका. आणि घरात कुणाला आठवड्याची पुडी असेल तर कॅलेंडरवर त्या वारावर खूण करा, पुड्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका.

प्रश्न (कोल्हापूर): वडिलांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी टेस्ट) तपासतो. मेडिकलवाल्याने डी सोबत व्हिटॅमिन के२ असलेली गोळी दिली, म्हणाला के२ ने कॅल्शियम नसांत न साठता हाडात जातं, स्ट्रोक टळतो. द्यायची का?

उत्तर: नको. आयएनआर तपासताय म्हणजे गोळी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमेरॉल असणार. ही औषधं काम करतात तीच मुळी शरीरातल्या व्हिटॅमिन केला अडवून, आणि तुम्ही वरून के दिलं तर औषधाचा जोर उतरतो, आयएनआर खाली येतो. ठोके अनियमित असलेल्यांना स्ट्रोकचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो आणि त्यापासून वाचवणारी गोळी हीच, तिच्याच विरोधात जाणारी वस्तू स्ट्रोक टाळायला म्हणून द्यायची, याच्यासारखं धोक्याचं दुसरं काही नाही. के२ चा एमके-७ हा प्रकार तर अगदी थोड्या मात्रेतही आयएनआर हलवतो. के२ सुरू झालंच असेल तर ते बंद करून या आठवड्यात आयएनआर करा आणि डॉक्टरांना सांगा.

नुसतं डी लागत असेल तर साधं डी३ द्या, पाकिटामागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते आधी वाचा. ज्यांना अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान अशा नवीन गोळ्या आहेत किंवा अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आहे, त्यांना के चा हा त्रास नाही. पण कृत्रिम झडप बसवलेली असेल तर धातूच्या झडपेला जुन्याच गोळ्या लागतात, त्यांनी फार जपायचं.

प्रश्न (पुणे): मी आयटीत, दिवसभर एसीत. सकाळी सातला बंद बाल्कनीत काचेआड अर्धा तास उन्हात बसतो. पुरेल का डीला?

उत्तर: नाही पुरणार. डी तयार करणारे यूव्हीबी किरण काचेतून येतच नाहीत, आणि सातच्या कोवळ्या उन्हात ते तसेही नगण्य असतात. साधी खूण सांगतो, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान पडली की ते ऊन कामाचं. म्हणजे साधारण ११ ते ३. आपल्या त्वचेला हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. एप्रिल-मे मध्ये वयस्कर माणसांनी हे करू नये, विशेषतः लघवी जास्त होणारी बीपीची गोळी असेल तर, पाणी कमी होऊन चक्कर येते. मासे खात असाल तर बांगडा, तारली, नाहीतर अंड्याचा पिवळा बलक, यांतून थोडंफार मिळतं. डबा खाऊन झाल्यावर ऑफिसभोवती एक फेरी मारलीत तर ऊनही मिळेल आणि चालणंही होईल, आणि स्ट्रोकच्या दृष्टीने त्यातलं चालणं जास्त मोलाचं.

प्रश्न (नांदेड): बाबांना चार महिन्यांपूर्वी उजवीकडचा पॅरालिसिस झाला. आता काठी घेऊन चालतात. डी १२ आहे. डी दिल्याने हात लवकर सुटेल का?

उत्तर: हात सुटेल असं मी सांगणार नाही, काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. पण बाबांना डी द्यायला हवं, कारण वेगळं आहे. लुळ्या बाजूच्या हाडावर वजन पडत नाही, ते महिन्यागणिक ठिसूळ होत जातं, आणि पॅरालिसिसचा पेशंट पडतो तोही बहुतेक वेळा त्याच बाजूला. स्ट्रोकनंतर खुब्याचं हाड मोडलेले पेशंट मी बघतो तेव्हा फार वाईट वाटतं, फिजिओथेरपीने मोठ्या कष्टाने मिळवलेलं चालणं एका पडण्यात जातं. तर डी, दूध-दही-नाचणी, आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे घर. बाथरूममध्ये डाव्या हाताला धरता येईल असा दांडा बसवा, कारण त्यांची पकड डाव्या हाताला आहे, उजवीकडे लावून उपयोग नाही. ओली फरशी नको, सुटी पायपुसणी उचलून ठेवा, स्लिपर ऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल, रात्री संडासच्या वाटेवर दिवा. उठवताना लुळा हात धरून कधीच ओढू नका, खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो, कमरेला धरून उठवा. हाताच्या व्यायामात खंड नको, चार महिने झाले म्हणजे सुधारणा संपली असं मुळीच नाही.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): इथे हिवाळ्यात ऊन दिसतच नाही. आमच्या मराठी मंडळातले दोन जण थंडीत स्ट्रोकने गेले. डी कमी झाल्यामुळे असेल का? मी ५४ वर्षांचा.

उत्तर: वाचून वाईट वाटलं. थंडीत स्ट्रोक वाढतात याचं एक मोठं कारण म्हणजे गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. डी तिथे थंडीत खाली जातं हेही खरं, ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात पुरेसं यूव्हीबी नसतं, म्हणून एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सगळ्यांनाच त्या काळात रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगते आणि आपल्यासारख्या गडद त्वचेच्या लोकांना वर्षभर घेण्याचा विचार करायला सांगते. ते घ्याच, स्वस्त आहे, हाडांना लागतं. त्यासोबत तुमच्या वयाला दर पाच वर्षांनी मोफत हेल्थ चेक मिळतो, त्यात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल होतं, तो केला नसेल तर जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करून वेळ घ्या आणि मंडळातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना करायला लावा. आपल्या लोकांना तिथे गोऱ्यांपेक्षा कमी वयात स्ट्रोक येतो. आणि लक्षणं दिसली तर जीपीची वेळ घ्यायची नाही, थेट ९९९.

प्रश्न (रत्नागिरी): डीची टेस्ट उपाशीपोटी करायची का? आणि दरवर्षी करायची का?

उत्तर: उपाशी राहायची गरज नाही. टेस्टचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आहे ना तेवढं बघा, दुसऱ्या प्रकारची टेस्ट झाली तर आकडा दिशाभूल करतो. दरवर्षी करायचीही गरज नाही, २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने धडधाकट मोठ्या माणसांची सरसकट डी तपासणी करू नका असंच सांगितलंय. हाडं दुखणं, वारंवार फ्रॅक्चर, किडनी किंवा लिव्हरचा आजार, फिटच्या गोळ्या, आतड्याचे आजार, अंथरुणाला खिळलेला पेशंट, अशांची करा. पुडी सुरू असेल तर ती जेवणानंतर घ्या, थोडं तूप-तेल पोटात असलं की चांगली शोषली जाते, आणि परत टेस्ट करायचीच असेल तर तीन महिन्यांनी, त्याआधी केलेली टेस्ट फुकट जाते.